नेटवर्क फाइलप्रणालीतील मालकी आणि परवानग्या

एका संगणकावर साठवलेल्या फाइली जाळ्यातील इतर संगणकांवरून वापरल्या जात असताना त्या फाइली कोणाच्या आहेत आणि त्या वाचण्याचा, बदलण्याचा वा पुसण्याचा अधिकार कोणाला आहे, हे ठरवणाऱ्या व्यवस्थेला नेटवर्क फाइलप्रणालीतील मालकी व परवानग्यांची व्यवस्था म्हणतात. युनिक्स आणि लिनक्स कुळातील संगणकांवर फाइलीच्या मालकाची नोंद नावाने होत नाही, क्रमांकाने होते. एकट्या संगणकावर हा भेद सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तीच फाइल दुसऱ्या संगणकावरून उघडली जाऊ लागली की मात्र दोन प्रश्न उभे राहतात. दोन्ही संगणकांवर एका क्रमांकाचा अर्थ एकच व्यक्ती असा आहे का, हा पहिला प्रश्न. विनंती करणारा संगणक आपल्या वापरकर्त्याचा जो क्रमांक सांगतो, त्यावर विश्वास ठेवावा का, हा दुसरा. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार प्रामुख्याने ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ अर्थात एनएफएस या प्रणालीच्या आधारे केला आहे.

एका संगणकावरील व्यवस्था

युनिक्स प्रणालीत प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक दिलेला असतो; त्यास यूआयडी म्हणतात. वापरकर्त्यांच्या गटालाही असाच क्रमांक असतो; तो जीआयडी. प्रवेश करताना टाइप केलेले नाव ही माणसाची सोय आहे. प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, नावाशी व्यवहार करत नाही. डिस्कवर प्रत्येक फाइलीसोबत जी माहिती लिहिलेली असते, तिच्यात मालकाचा क्रमांक आणि गटाचा क्रमांक असतो. फाइलींची यादी दाखवणारी ‘एलएस’ ही आज्ञा संगणकाच्या खातेवहीत पाहून त्या क्रमांकासमोरचे नाव पडद्यावर दाखवते. खातेवहीत तो क्रमांक नसेल, तर नुसता आकडाच दिसतो.

परवानगी देताना वापरकर्त्यांचे तीन वर्ग मानले जातात : मालक, गट आणि इतर. प्रत्येक वर्गासाठी वाचणे, लिहिणे आणि चालवणे अशा तीन परवानग्या असतात. वाचण्यासाठी ४, लिहिण्यासाठी २ आणि चालवण्यासाठी १ असे अंक मानून त्यांची बेरीज लिहिण्याचा प्रघात आहे. एखाद्या फाइलीची परवानगी ६४० असेल, तर मालकाला वाचता व लिहिता येते, गटाला केवळ वाचता येते आणि इतरांना काहीच करता येत नाही. फाइल उघडू पाहणारा वापरकर्ता आधी मालक आहे का, मग गटात आहे का, असे क्रमाने पाहिले जाते आणि तो ज्या वर्गात प्रथम बसेल त्याच वर्गाची परवानगी त्याला लागू होते.

डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, हीदेखील याच नियमांत बसते, मात्र तेथे परवानग्यांचा अर्थ थोडा निराळा असतो. डिरेक्टरी वाचणे म्हणजे तिच्यातील नावांची यादी पाहणे. ती चालवणे म्हणजे तिच्यातून पुढे जाणे. तिच्यात लिहिणे म्हणजे नवी नावे घालणे वा जुनी काढणे. त्यामुळे एखादी फाइल पुसता येईल की नाही, हे त्या फाइलीच्या परवानगीवर नव्हे, तर ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्या परवानगीवर ठरते.

या सर्व नियमांना एक मोठा अपवाद आहे. ज्याचा यूआयडी ० असतो त्या वापरकर्त्याला ‘रूट’ म्हणतात. रूटला वाचण्या-लिहिण्याच्या परवानग्यांचे बंधन नसते. परवानग्या बदलणारी ‘सीएचमोड’ ही आज्ञा मालकाला आपल्या फाइलीवर वापरता येते. पण फाइल दुसऱ्याच्या नावावर करणारी ‘सीएचओन’ ही आज्ञा लिनक्सवर सामान्यतः रूटलाच चालवता येते.

जाळ्यातून जोडणी

एका संगणकावरील डिरेक्टरी दुसऱ्या संगणकाच्या वृक्षात एखाद्या ठिकाणी अशी बसवता येते की वापरणाऱ्याला ती तेथलीच वाटावी. या क्रियेला माउंट करणे म्हणतात. डिरेक्टरी पुरवणारा संगणक तो सर्व्हर आणि ती वापरणारा तो क्लायंट. माउंट करताना क्लायंटवरील ज्या रिकाम्या डिरेक्टरीवर जोडणी केली जाते, तिची स्वतःची मालकी व परवानगी तेवढ्यापुरती झाकली जाते आणि सर्व्हरवरील डिरेक्टरीची मालकी व परवानगी तिच्या जागी दिसू लागते. जोडणी होण्यापूर्वी ठरवलेल्या परवानग्या जोडणी होताच ‘नाहीशा’ झाल्यासारख्या वाटतात, त्याचे कारण हेच आहे.

एनएफएस ही प्रणाली अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने विकसित केली. तिची पहिली आवृत्ती कंपनीच्या आतच वापरली गेली. दुसरी आवृत्ती १९८५ मध्ये बाहेर आली आणि तिचा तपशील १९८९ मध्ये आरएफसी १०९४ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाला. तिसऱ्या आवृत्तीचा तपशील १९९५ मध्ये आरएफसी १८१३ म्हणून प्रसिद्ध झाला. चौथी आवृत्ती प्रथम २००० मध्ये आरएफसी ३०१० या रूपात आली आणि २००३ मध्ये आरएफसी ३५३० ने तिची जागा घेतली. तिसरी व चौथी या दोन्ही आवृत्त्या आजही वापरात आहेत, आणि मालकीच्या प्रश्नाकडे पाहण्याची त्यांची रीत वेगवेगळी आहे.

क्रमांकांची गल्लत

समजा, एका महाविद्यालयाच्या सर्व्हरवर प्राध्यापकाच्या खात्याचा यूआयडी १००१ आणि लिपिकाचा १००२ आहे. प्राध्यापकाने प्रश्नपत्रिकेची फाइल सर्व्हरवर ठेवली आणि तिची परवानगी ६०० केली, म्हणजे मालकाखेरीज कोणालाही ती उघडता येऊ नये. प्रयोगशाळेतील दुसऱ्या संगणकावर मात्र आधी एका विद्यार्थ्याचे खाते उघडले गेले आणि त्याला १००१ हा क्रमांक मिळाला. प्राध्यापकाचे खाते नंतर उघडले गेले, त्याला १००२ मिळाला. आता सर्व्हरवरील डिरेक्टरी त्या संगणकावर माउंट केली, तर प्रश्नपत्रिकेचा मालक म्हणून विद्यार्थ्याचे नाव दिसेल. हा केवळ दिसण्यापुरता घोळ नाही. विद्यार्थ्याने फाइल उघडताच क्लायंट सर्व्हरला ‘१००१ ला ही फाइल वाचायची आहे’ असे कळवतो. सर्व्हरच्या दृष्टीने १००१ हाच मालक असल्याने तो फाइल देतो. प्राध्यापकाला मात्र त्या संगणकावर स्वतःचीच फाइल उघडता येत नाही. यात कोणतीही आज्ञा चुकलेली नसते, कोणतेही कुलूप मोडलेले नसते. प्रत्येक संगणकाने आपापले काम नियमाप्रमाणेच केलेले असते.

अशी गल्लत होण्यास खात्यांचा वेगळा क्रमच कारणीभूत असतो असे नाही. बहुतेक लिनक्स वितरणांत सामान्य वापरकर्त्यांचे क्रमांक १००० पासून सुरू होतात. मॅक संगणकावर पहिल्या वापरकर्त्याला ५०१ मिळतो. रेड हॅट कुळातील जुन्या वितरणांत ही सुरुवात ५०० पासून होती. त्यामुळे एकाच व्यक्तीने आपल्या दोन संगणकांवर एकाच नावाची खाती उघडली, तरी त्यांचे क्रमांक जुळतीलच असे नाही.

यावरचा मूळ उपाय साधा आहे : सर्व संगणकांवर एका व्यक्तीचा क्रमांक एकच असावा. दोन-चार संगणक असतील, तर खाते उघडताना क्रमांक हाताने नेमून हे साधता येते. संगणक वाढले की खातेवही एका मध्यवर्ती ठिकाणी ठेवावी लागते. सन मायक्रोसिस्टिम्सने याच हेतूने एनएफएसच्या जोडीला ‘यलो पेजेस’ नावाची सेवा आणली. ती पुढे एनआयएस या नावाने ओळखली जाऊ लागली. आज हे काम बहुधा एलडॅप या पद्धतीच्या निर्देशसेवेकडून किंवा विंडोजच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीकडून केले जाते.

सर्व्हर कोणावर विश्वास ठेवतो

क्रमांक जुळवले तरी दुसरा प्रश्न शिल्लक राहतो. एनएफएसच्या पारंपरिक पद्धतीत, जिला ऑथ-सिस म्हणतात, क्लायंट प्रत्येक विनंतीसोबत एक ओळखपट्टी पाठवतो. तीत क्लायंटचे नाव, वापरकर्त्याचा यूआयडी, त्याचा मुख्य जीआयडी आणि इतर गटांचे क्रमांक असतात. पासवर्ड नसतो, सहीशिक्का नसतो. फाइलीच्या परवानग्या तपासण्याचे काम सर्व्हरच करतो, परंतु ते त्या ओळखपट्टीत लिहिलेल्या आकड्यांच्या आधारे. त्या क्रमांकाचे खाते सर्व्हरवर असण्याचीही गरज नसते.

म्हणजेच वापरकर्त्याची खरी ओळख क्लायंटवर पटवली जाते आणि सर्व्हर क्लायंटचा शब्द प्रमाण मानतो. ही पद्धत ज्या काळात रूढ झाली, त्या काळी जाळ्यातील संगणक मोजके असत आणि त्या सर्वांची व्यवस्था एकाच कार्यालयाच्या हाती असे. सामान्य वापरकर्त्याला खोटी ओळखपट्टी पाठवता येऊ नये, म्हणून एक पूरक अटही घातली गेली : विनंती १०२४ पेक्षा लहान क्रमांकाच्या पोर्टवरून आलेली असावी. युनिक्समध्ये असे पोर्ट वापरण्याचा अधिकार परंपरेने रूटलाच असतो. लिनक्सच्या एनएफएस सर्व्हरवर ही अट आजही आपोआप लागू असते.

मात्र ज्याच्या हाती क्लायंटचे रूट खाते आहे, त्याच्यापुढे ही अट निरुपयोगी ठरते. आपल्या स्वतःच्या लॅपटॉपवर प्रत्येक जण रूट असतो. असा लॅपटॉप जाळ्याला जोडून त्यावर १००१ क्रमांकाचे खाते उघडले की, वरच्या उदाहरणातील प्रश्नपत्रिका त्या खात्याला ‘आपली’ होते. सर्व्हरवरील ‘एक्सपोर्ट्स’ या यादीत कोणकोणत्या संगणकांना जोडणी द्यायची हे लिहिलेले असते. त्यामुळे अनोळखी संगणकाला प्रवेश मिळत नाही. पण ही यादी संगणकाचा पत्ता पाहते, माणूस पाहत नाही, आणि पत्त्याची नक्कल करता येते. सबब ऑथ-सिस पद्धतीत ६०० या परवानगीचा खरा अर्थ ‘मालकाखेरीज कोणालाही नाही’ असा नसून, ‘मालक आणि यादीतील संगणकांचे रूट यांखेरीज कोणालाही नाही’ असा होतो.

रूटचे अधिकार आणि रूट स्क्वॅश

एखाद्या क्लायंटचा रूट हा सर्व्हरवरही रूट मानला गेला, तर एका संगणकाचा ताबा मिळताच साऱ्या फाइलींचा ताबा मिळेल. हा धोका एनएफएसच्या रचनाकारांनी आरंभीच ओळखला होता. १९८५ मध्ये यूझनिक्स परिषदेत रसेल सँडबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या निबंधात यूआयडी ० कडून आलेली विनंती ‘नोबडी’ नावाच्या अधिकारहीन वापरकर्त्याच्या क्रमांकावर वळवण्याची योजना दिलेली आहे. तो क्रमांक उणे २ असा होता. १६ बिटांच्या बिनचिन्ही संख्येत उणे २ हा आकडा ६५५३४ असा वाचला जातो. म्हणून आजही अनेक लिनक्स संगणकांवर ‘नोबडी’चा क्रमांक ६५५३४ हाच आढळतो.

या योजनेला ‘रूट स्क्वॅश’ म्हणतात आणि लिनक्स सर्व्हरवर ती वेगळे काही न सांगता लागू असते. तिचे परिणाम माहीत नसले की पुढील प्रसंग कोड्यासारखे वाटतात. क्लायंटवर रूट म्हणून काम करणाऱ्या व्यवस्थापकाला माउंट केलेल्या डिरेक्टरीतील ६०० परवानगीची फाइल वाचता येत नाही. त्याने तेथे नवी फाइल निर्माण केलीच, तर तिचा मालक ‘नोबडी’ होतो. ‘सीएचओन’ची आज्ञा ‘परवानगी नाही’ असे उत्तर देते. रूटच्या नावे चालणारे राखीव प्रती घेण्याचे कार्यक्रम अर्धवट प्रती घेऊन थांबतात. मालकी बदलण्याची वा प्रती घेण्याची अशी कामे थेट सर्व्हरवर करणे, हा यातील सर्वांत निर्धोक मार्ग होय.

‘नो रूट स्क्वॅश’ असा पर्याय लिहून हे बंधन काढता येते, आणि अडचण चटकन दूर होत असल्याने तो मोह अनेकांना होतो. परंतु त्यामुळे क्लायंटच्या रूटला सर्व्हरवर रूटच्या मालकीची, ‘सेटयूआयडी’ खूण असलेली फाइल ठेवता येते. अशी फाइल कोणीही चालवली तरी ती रूटच्या अधिकाराने चालते. हा धोका आटोक्यात ठेवण्यासाठी क्लायंटवर माउंट करताना ‘नोसूड’ हा पर्याय देऊन त्या खुणेचा परिणाम बंद केला जातो.

रूट स्क्वॅशचे सामर्थ्यही मर्यादित आहे. तो फक्त ० हा क्रमांक अडवतो. क्लायंटवरील रूटने ‘एसयू’ आज्ञेने १००१ क्रमांकाच्या वापरकर्त्याचे रूप घेतले, तर सर्व्हरला विनंतीत १००१ हाच आकडा दिसतो आणि ती मान्य होते. रूट स्क्वॅश रूटच्या मालकीच्या फाइलींचे रक्षण करतो. सामान्य वापरकर्त्यांच्या फाइलींचे नव्हे.

याच जातीचा आणखी एक पर्याय ‘ऑल स्क्वॅश’ हा आहे. त्यात प्रत्येक विनंती, ती कोणाचीही असो, एकाच ठरावीक क्रमांकावर वळवली जाते. तो क्रमांक ‘अ‍ॅननयूआयडी’ आणि ‘अ‍ॅननजीआयडी’ या पर्यायांनी नेमता येतो. सर्वांनी मिळून वापरायच्या छायाचित्रांच्या वा पुस्तकांच्या संग्रहासाठी ही सोय उपयुक्त ठरते. त्या बदल्यात कोणती फाइल कोणी ठेवली, ही नोंद मात्र कायमची जाते.

चौथ्या आवृत्तीतील नावे

चौथ्या आवृत्तीत क्रमांकाऐवजी नावाने मालक सांगण्याची पद्धत आली. सर्व्हर फाइलीच्या मालकाची माहिती देताना वापरकर्त्याचे नाव, मध्ये ‘अ‍ॅट’ हे चिन्ह आणि पुढे संस्थेचे क्षेत्रनाम अशी ओळ पाठवतो. क्लायंटवरील आयडीमॅपिंगची सेवा ती ओळ वाचून आपल्या खातेवहीतील क्रमांक शोधते. दोन्ही बाजूंचे क्षेत्रनाम सारखे नसेल, किंवा ते नाव क्लायंटवर नसेल, तर फाइलीचा मालक ‘नोबडी’ आणि गट ‘नोग्रुप’ असा दिसतो. सर्व फाइली अचानक ‘नोबडी’च्या झालेल्या दिसल्या, तर प्रथम दोन्ही संगणकांवरील क्षेत्रनामाची नोंद तपासली जाते, ती यामुळेच. डिस्कवरील मालकी अशा वेळी बदललेली नसते.

या सोयीविषयी एक गैरसमज फार आढळतो. नावांचे हे भाषांतर मालक दाखवताना आणि बदलताना होते; विनंतीसोबत जाणाऱ्या ओळखपट्टीत होत नाही. ऑथ-सिस पद्धत चालू असेल, तर ओळखपट्टीत पूर्वीप्रमाणे क्रमांकच जातो आणि परवानगी त्यावरूनच ठरते. त्यामुळे फाइलीवर स्वतःचे नाव दिसत असूनही ती उघडता येत नाही, असा विचित्र प्रकार घडू शकतो. ही विसंगती टाळण्यासाठी लिनक्सच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ऑथ-सिस वापरताना नावाच्या जागीही क्रमांकच पाठवण्याची रीत स्वीकारलेली आहे.

चौथ्या आवृत्तीत परवानग्यांच्या सविस्तर याद्याही आल्या. त्यांना एसीएल म्हणतात. मालक, गट आणि इतर या तीन वर्गांपलीकडे जाऊन एखाद्या विशिष्ट व्यक्तीला वा गटाला परवानगी देणे वा नाकारणे त्यांद्वारे शक्य होते. त्यांची घडण विंडोजमधील यादीच्या वळणाची आहे. लिनक्सच्या स्वतःच्या एसीएलशी ती तंतोतंत जुळत नाही.

कर्बेरॉस

क्लायंटच्या शब्दावर विसंबून न राहता माणसाची ओळख पटवायची असेल, तर एनएफएससोबत कर्बेरॉस ही व्यवस्था वापरली जाते. ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ‘प्रोजेक्ट अथेना’मध्ये निर्माण झाली. हा प्रकल्प १९८३ मध्ये सुरू झाला होता. वापरकर्ता पासवर्डाच्या आधारे एका मध्यवर्ती सर्व्हरकडून मुदतीचे तिकीट मिळवतो आणि एनएफएसची विनंती त्या तिकिटाच्या बळावर केली जाते. तिकीट सांकेतिक लिपीत बांधलेले असल्याने क्लायंटचा रूट ते मनाने तयार करू शकत नाही. वरच्या उदाहरणातील लॅपटॉपवर १००१ क्रमांकाचे खाते उघडूनही आता काही साधत नाही. कारण प्राध्यापकाचा पासवर्ड नाही, म्हणून तिकीट नाही.

या व्यवस्थेच्या तीन पातळ्या आहेत. ‘केआरबी५’ या पातळीवर केवळ ओळख पटवली जाते. ‘केआरबी५आय’ पातळीवर वाटेत मजकुरात फेरफार झालेला नाही, याचीही खात्री केली जाते. ‘केआरबी५पी’ पातळीवर सर्व मजकूर सांकेतिक रूपात पाठवला जातो, म्हणजे वाटेत तो कोणाला वाचता येत नाही. पातळी जितकी वरची, तितके गणिताचे काम वाढते.

कर्बेरॉसच्याही मर्यादा आहेत. तिकिटाची मुदत संपली की, मालकी व परवानगी योग्य असूनही प्रवेश नाकारला जातो. रात्री आपोआप चालणाऱ्या कामांसाठी तिकिटाची वेगळी तजवीज करावी लागते. सर्व संगणकांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. सामान्यतः ५ मिनिटांपेक्षा अधिक फरक असल्यास ओळख पटत नाही. ज्या क्लायंटवर वापरकर्ता प्रत्यक्ष काम करत आहे, तेथील रूटला त्याचे चालू तिकीट हस्तगत करता येते. सबब, ज्या संगणकावर विश्वास नाही, त्यावर आपल्या खात्याने प्रवेश न करणे हा नियम येथेही लागू राहतो.

इतर प्रणालींतील रीत

विंडोजच्या जगात एसएमबी ही प्रणाली रूढ आहे, आणि लिनक्स सर्व्हरवरून ती सेवा देण्यासाठी अँड्रयू ट्रिजेल यांनी सुरू केलेले सांबा हे सॉफ्टवेअर वापरले जाते. येथे जोडणी करतानाच नाव व पासवर्ड द्यावा लागतो आणि पुढच्या सर्व विनंत्या त्याच खात्याच्या नावे होतात. लिनक्स क्लायंटवर अशी डिरेक्टरी माउंट करताना ‘यूआयडी’, ‘जीआयडी’, ‘फाइल मोड’ आणि ‘डिर मोड’ हे पर्याय देता येतात. त्यांनी ठरवलेली मालकी केवळ क्लायंटपुरती असते. सर्व्हरवरील फाइलींची मालकी तिने बदलत नाही. म्हणूनच अशा जोडणीवर ‘सीएचओन’ वा ‘सीएचमोड’ चालवूनही अनेकदा काहीच फरक पडत नाही. एकाच जोडणीवरून प्रत्येकाची विनंती त्याच्या स्वतःच्या खात्याने जावी, यासाठी ‘मल्टियूझर’ हा पर्याय द्यावा लागतो.

एसएसएचएफएस या पद्धतीत दूरच्या संगणकावरील सर्व कामे तेथे प्रवेश केलेल्या एका खात्याने होतात. माउंट करणाऱ्या व्यक्तीखेरीज इतरांना, क्लायंटच्या रूटलाही, ती डिरेक्टरी सहसा उघडता येत नाही. ‘अलाउ अदर’ हा पर्याय दिल्यास ती इतरांना खुली होते. ‘आयडीमॅप’ हा पर्याय ‘यूझर’ असा दिल्यास दूरच्या खात्याचा क्रमांक स्थानिक क्रमांकाच्या रूपात दाखवला जातो.

तीनही प्रणालींची तुलना करता भेद स्पष्ट होतो. पारंपरिक एनएफएसमध्ये संगणकाची ओळख पाहून माणसाविषयीचे त्याचे म्हणणे मानले जाते. एसएमबी आणि एसएसएचएफएसमध्ये खात्याची ओळख पटवली जाते, पण एका जोडणीत बहुधा एकच खाते असते.

नेहमी आढळणाऱ्या अडचणी

* सोळा गटांची मर्यादा : ऑथ-सिसच्या ओळखपट्टीत मुख्य गटाखेरीज १६ गटांनाच जागा असते. एखादी व्यक्ती याहून अधिक गटांत असेल, तर उरलेल्या गटांमुळे मिळणारा अधिकार तिला जाळ्यावरून मिळत नाही. लिनक्स सर्व्हरवर ‘मॅनेज जीआयडीज’ हा पर्याय दिल्यास सर्व्हर ओळखपट्टीतील यादी बाजूला ठेवून गटांची माहिती आपल्या खातेवहीतून घेतो.

* बदल उशिरा दिसणे : क्लायंट फाइलींची मालकी व परवानगी काही काळ स्मृतीत जपून ठेवतो. लिनक्सवर फाइलींसाठी हा काळ ३ ते ६० सेकंद आणि डिरेक्टरींसाठी ३० ते ६० सेकंद इतका मुळात ठरवलेला असतो. सर्व्हरवर केलेला बदल क्लायंटवर लगेच दिसला नाही, तर मिनिटभर थांबून पाहणे इष्ट असते.

* सामाईक डिरेक्टरी : अनेकांनी मिळून लिहायच्या डिरेक्टरीत नव्या फाइलीला निर्मात्याचा स्वतःचा मुख्य गट मिळतो आणि सहकाऱ्यांना ती बदलता येत नाही. डिरेक्टरीवर ‘सेटजीआयडी’ खूण केल्यास नव्या फाइलींना त्या डिरेक्टरीचाच गट मिळतो. त्यासोबत ‘यूमास्क’ ००२ ठेवल्यास गटाला लिहिण्याची परवानगीही टिकते.

* ७७७ चा उपाय : प्रवेश मिळत नाही म्हणून सर्वांना सर्व परवानग्या देण्याची प्रथा आढळते. त्यामुळे अडथळा दूर होतो. पण त्याचबरोबर ती डिरेक्टरी यादीतील प्रत्येक संगणकावरील प्रत्येक खात्याला खुली होते आणि क्रमांकांची मूळ गल्लत तशीच झाकलेली राहते.

दोष शोधण्याचा क्रम

‘परवानगी नाही’ असे उत्तर आल्यावर व्यवस्थापक साधारणतः पुढील क्रमाने तपास करतात. प्रथम ‘आयडी’ या आज्ञेने क्लायंटवरील वापरकर्त्याचा यूआयडी व गट पाहिले जातात. मग ‘एलएस’ आज्ञेला नावांऐवजी क्रमांक दाखवण्यास सांगून फाइलीचा मालक पाहिला जातो, आणि हेच दोन्ही सर्व्हरवरही पाहिले जाते. चारही ठिकाणचे आकडे एका कागदावर मांडले की गल्लत असल्यास ती तत्काळ दिसते. त्यानंतर फाइलीपर्यंतच्या वाटेवरील प्रत्येक डिरेक्टरीतून पुढे जाण्याची परवानगी आहे का, हे तपासले जाते. डिरेक्टरी लिहिण्यासाठी खुली आहे की केवळ वाचण्यासाठी, हे एक्सपोर्ट्सच्या यादीतून कळते. केवळ वाचण्यासाठी दिलेल्या जोडणीवर मालकालाही लिहिता येत नाही. शेवटी स्क्वॅशचा पर्याय, क्षेत्रनाम आणि कर्बेरॉस असल्यास तिकिटाची मुदत पाहिली जाते.

क्रमांक बदलणे आणि पुन्हा वापरणे

एखाद्या वापरकर्त्याचा यूआयडी बदलला, तरी सर्व्हरवरील त्याच्या जुन्या फाइलींवर जुनाच क्रमांक राहतो. म्हणून बदल करण्यापूर्वी त्याची चालू कामे थांबवली जातात, ‘फाइंड’ या आज्ञेने जुन्या क्रमांकाच्या सर्व फाइली शोधल्या जातात आणि सर्व्हरवरच ‘सीएचओन’ने त्या नव्या क्रमांकावर केल्या जातात.

संस्था सोडून गेलेल्या व्यक्तीचे खाते बंद करतानाही हीच दक्षता लागते. खाते पुसले की नाव जाते. फाइलींवरचा क्रमांक जात नाही. पुढे तोच क्रमांक नव्याने आलेल्या व्यक्तीला दिला गेला, तर आधीच्या व्यक्तीचा पत्रव्यवहार, गुणपत्रके वा हिशेब त्या नवागताच्या मालकीचे होतात, आणि तसे झाल्याची सूचना कोणालाही मिळत नाही. या कारणास्तव मोठ्या संस्थांत वापरून झालेला क्रमांक पुन्हा न देण्याचा नियम पाळला जातो.